बारा नंबरचा रस्ता आणि चाकांवरचे घर

अमेरिकेच्या युटा राज्यातला राज्य महामार्ग १२ पॅनग्विच गावाच्या दक्षिणेला यूएस ८९ पासून फुटतो, आधी पूर्वेला आणि मग उत्तरेला वळतो, आणि टोरी गावाजवळ राज्य महामार्ग २४ ला मिळतो. लांबी जेमतेम १९८ किलोमीटर. बहुतेक ठिकाणी दोनच पदर, गावे तुरळक, पेट्रोल पंप त्याहून तुरळक. एवढ्याशा अंतरात ब्राइस कॅन्यन हे राष्ट्रीय उद्यान लागते, शेवटाला कॅपिटल रीफ हे दुसरे, आणि मध्ये तीन राज्य उद्याने, राष्ट्रीय वने व ग्रँड स्टेअरकेस-एस्कलांटे हा १९९६ साली संरक्षित झालेला प्रचंड ओसाड मुलूख. २००२ साली या रस्त्याला ‘ऑल-अमेरिकन रोड’ हा देशातल्या निसर्गरम्य रस्त्यांचा सर्वोच्च दर्जा मिळाला.

असे रस्ते शिल्लक राहिले याचे श्रेय घाईच्या वाहतुकीला वेगळी वाट मिळाली, याला जाते. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे उभे राहिले, मालाचे ट्रक तिकडे गेले आणि जुने दुय्यम रस्ते रिकामे झाले. जुन्या नकाशांवर हे रस्ते निळ्या रेषेने दाखवत. विल्यम लीस्ट हीट-मून या लेखकाने अशाच रस्त्यांनी देशाला फेरी मारली, रात्री आपल्या व्हॅनमध्येच झोपला, आणि १९८२ साली ‘ब्लू हायवेज’ हे पुस्तक लिहिले. दुय्यम रस्ता आणि झोपायची सोय असलेली गाडी ही जोडी तेव्हापासून लोकांच्या डोक्यात पक्की बसली. ती जोडी खरोखर जमते का, हा वेगळा प्रश्न.

या प्रश्नावर अमेरिकेतल्या मराठी घरांतही दोन तट पडतात. एका तटावर तिकडे हयात घालवलेले, निवृत्तीला आलेले मामा. त्यांना आरव्ही, म्हणजे राहण्याजोगे मोटरहोम, भाड्याने घेऊन सगळ्या घराला न्यायचे असते. दुसऱ्या तटावर शिकायला आलेली आणि नोकरीला लागलेली भाची. तिला लहान मोटार आणि तंबू पुरतो.

मामा : अगं, आजी बरोबर आहे. तिचे गुडघे बघ. रात्री तीनदा उठायचं आणि दर वेळी तंबूची चेन उघडून टॉर्च घेऊन शंभर पावलं चालायचं? आरव्हीत चार पावलांवर संडास. फ्रिजमध्ये तिचं इन्सुलिन. खाली गादी. आणखी काय पाहिजे?

भाची : मामा, आजीचं मान्य. पण आजीसाठी एस्कलांटेला मोटेल आहे, खोली घ्या. तुम्ही बत्तीस फुटी गाडी बघताय. ती कुठे कुठे शिरणार नाही, याची यादी केलीत का?

मामा : बत्तीस नको तर पंचवीस घेऊ.

फुटांची ही घासाघीस वरवरची नाही. वादाचे मर्म तीच आहे. अमेरिकेत मोटरहोमचे ढोबळ तीन वर्ग आहेत. ‘ए’ वर्ग बससारखा, तीस-चाळीस फुटांचा. ‘बी’ वर्ग म्हणजे व्हॅन, एकोणीस ते चोवीस फुटांची, आत जेमतेम दोघांची सोय. मधला ‘सी’ वर्ग ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेला, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेला. भाड्याने सर्रास मिळतो तो हाच. तो साध्या परवान्यावर चालवता येतो. पहिल्यांदा बसणाऱ्याला वाटते, चालवायला कठीण पुढचा भाग. प्रत्यक्षात त्रास देतो मागचा. मागच्या चाकांच्या पलीकडे सात-आठ फूट डबा लोंबत असतो, आणि पंपावर डावीकडे वळताना तो उजवीकडे फेकला जाऊन खांबाला लागतो. भाड्याच्या गाड्यांचे मागचे उजवे कोपरे पाहिले की हे न सांगता कळते.

रस्ता सुरू होताच रेड कॅन्यन लागते. तांबड्या खडकातून खोदलेले दोन छोटे बोगदे आहेत. त्यातून ‘सी’ वर्गाची गाडी विनासायास निघते. तिथून थोड्या अंतरावर ब्राइस कॅन्यनचा फाटा. नावात कॅन्यन असले तरी ही नदीने कापलेली दरी नाही. पठाराची कड पावसाने आणि बर्फाने झिजून हजारो सुळके उभे राहिले आहेत. वर्षातले जवळपास निम्मे दिवस इथे तापमान शून्याच्या खाली-वर होते. फटीतले पाणी रात्री गोठून फुगते, दिवसा वितळते, आणि चुनखडक थोडा थोडा सुटत जातो.

उद्यानातल्या मुख्य सज्जांवर, शटल बस चालू असते त्या वेळेत, २३ फूट आणि त्याहून लांब वाहनांना मज्जाव आहे. भाचीच्या यादीतली ही पहिली नोंद.

भाची : म्हणजे पंचवीस फुटी गाडीही बाहेरच. ती लावायची, बसची वाट बघायची आणि रांगेत उभं राहायचं.

मामा : बस काय वाईट आहे? पार्किंग शोधत तूही अर्धा तास फिरणारच. आणि खरी गंमत बस बंद झाल्यावर. दिवसाची माणसं निघून जातात, आपण तिथेच मुक्कामाला. हे उद्यान अधिकृत ‘डार्क स्काय’ आहे. जेवायचं, शाल घ्यायची, कड्यापर्यंत चालत जायचं, तारे बघायचे.

भाची : तंबूवालेही तिथेच मुक्कामाला असतात, मामा. त्याच कॅम्पग्राउंडवर. त्यांना फक्त तुमच्या जनरेटरची घरघर ऐकावी लागते.

दोघांचेही बरोबर आहे. ब्राइसच्या दोन्ही कॅम्पग्राउंडांवर तंबू आणि आरव्ही दोन्हींना जागा आहे, आणि दोन्हींवर हुकअप नाही. हुकअप म्हणजे जागेवर मिळणारे वीज, नळ आणि सांडपाणी यांचे जोड. ते नसले की आरव्हीचे अर्धे ऐश्वर्य झोपी जाते. दिवे, पंखा आणि पाण्याचा पंप १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. शेगडी, गरम पाणी आणि हीटर प्रोपेन गॅसवर. एअर कंडिशनर आणि मायक्रोवेव्हला मात्र घरगुती दाबाची वीज लागते. ती जनरेटर देतो, आणि जनरेटर लावायचे तास ठरलेले असतात. रात्री हीटरचा पंखा बॅटरी खातो. सकाळी बॅटरी उतरलेली असली की आधी थंडी आणि मग भांडण, असा क्रम असतो.

उंचीचाही हिशेब ठेवावा लागतो. ब्राइसची कड आठ ते नऊ हजार फुटांवर आहे. आठ हजार फुटांवर पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळते, म्हणून उघड्या पातेल्यातली तुरीची डाळ तासाभरानेही दाताखाली कचकचते. कुकर न्यावाच लागतो, मुक्काम तंबूत असो वा गाडीत. फोडणी मात्र बाहेरच्या टेबलावर द्यावी हे उत्तम. आरव्हीच्या छतावर धुराचा आणि जमिनीलगत गॅसचा इशारा देणारी यंत्रे असतात. मोहरी-हिंगाची फोडणी आत बसली की वरचे यंत्र किंचाळू लागते आणि शेजारच्या चार गाड्यांतले लोक खिडक्या उघडून बघतात. या बाबतीत तंबूवाल्यांची बाजू निर्विवाद वरचढ आहे.

जुलैमध्येही ब्राइसला रात्र थंड असते, मे महिन्यात पारा शून्याखाली जातो. इथे भाचीचा पक्ष लंगडा पडतो. चांगली झोपण्याची पिशवी आणि खालची चटई असली तर धडधाकट माणूस निभावतो. सत्तरीची आजी आणि सहा वर्षांचा मुलगा बरोबर असले तर निभावण्यातच सगळा प्रवास जातो.

ट्रॉपिक आणि कॅननव्हिल ही गावे मागे टाकली की दक्षिणेला कोडाक्रोम बेसिनचा फाटा आहे. वालुकाश्माच्या नळकांड्यांसारख्या उभ्या खांबांचे हे खोरे. नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीच्या चमूने १९४० च्या दशकाच्या अखेरीस इथले रंग पाहून त्याला कोडॅक कंपनीच्या रंगीत फिल्मचे नाव दिले. या राज्य उद्यानात हुकअप असलेल्या जागा आहेत. ब्राइसला दोन रात्री काढल्यावर टाक्या रिकाम्या करायला हा मुक्काम सोयीचा.

टाक्यांचे प्रकरण जाहिरातींत नसते. गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात : एक स्वच्छ पाण्याची, मध्यम गाडीत साधारण दीडशे लिटरची, दुसरी बेसिन आणि न्हाणीच्या सांडपाण्याची, तिला ‘ग्रे’ म्हणतात, तिसरी संडासची, ती ‘ब्लॅक’. चौघांनी घरच्यासारखी अंघोळ केली तर स्वच्छ पाणी दुसऱ्या दिवशी संपते आणि ग्रे टाकी भरून न्हाणीत पाणी उलटे चढते. मग डम्प स्टेशन शोधायचे. तिथे हातमोजे घालून गाडीच्या कुशीतल्या तोंडाला जाड नळी अडकवायची, दुसरे टोक जमिनीतल्या भोकात बसवून वर दगड ठेवायचा, आणि आधी ब्लॅकची झडप ओढायची, मग ग्रेची. म्हणजे मागून आलेले साबणाचे पाणी नळी धुऊन नेते. क्रम उलटा झाला तर नळी गाडीत तशीच परत ठेवावी लागते, आणि पुढचा प्रवास खिडक्या उघड्या ठेवून होतो.

भाची : आणि हे काम कोण करणार? आमच्याकडे बघू नका.

मामा : मी करतो. दहा मिनिटांचं काम आहे. तुझ्या तंबूच्या दांड्या रोज लावायला-काढायला किती वेळ जातो, तेही मोज.

भाची : मोजते. पण पाऊस आला की तुमच्यासारखी दार लावून पत्ते खेळत बसत नाही, एवढंच.

मामा : पाऊस आला की तू मोटारीत बसून झोपतेस. म्हणजे शेवटी तूही चाकांवरच.

एस्कलांटेकडे जाताना ‘द ब्लूज’ नावाचे राखी-निळसर शेलचे उघडेबोडके डोंगर लागतात. थांबून पाहावेत, पण फार वेळ द्यायची गरज नाही. एस्कलांटे हे आठशेच्या आसपास वस्तीचे गाव. जलाशयाकाठच्या राज्य उद्यानात अश्मीभूत वृक्षांचे ओंडके आहेत आणि आरव्हीला वीज-पाणीही. या गावाच्या पुढे ‘होल-इन-द-रॉक’ हा कच्चा रस्ता फुटतो. १८७९-८० च्या हिवाळ्यात मॉर्मन वसाहतकऱ्यांनी याच दिशेने बैलगाड्या नेल्या आणि कोलोरॅडो नदीच्या कड्यातली फट रुंद करून त्या खाली उतरवल्या. आज या रस्त्याने साधारण वीस किलोमीटरवर ‘डेव्हिल्स गार्डन’ आहे आणि त्यापलीकडे अरुंद घळींची तोंडे.

आरव्ही इथे येत नाही. भाड्याच्या करारांत कच्च्या रस्त्यांना बहुधा बंदी असते, आणि नसती तरी वॉशबोर्डसारख्या लाटांनी कपाटांतली भांडी खाली आली असती. मात्र भाची हा मुद्दा ज्या जोराने मांडते त्यात एक गफलत आहे. भाड्याच्या साध्या मोटारींच्या करारांतही हेच कलम सापडते, आणि पाऊस पडल्यावर इथल्या चिकणमातीत चारचाकी जीपही रुतते. कच्चा रस्ता स्वतःच्या, उंच बसणीच्या गाडीसाठी आहे. ती दोघांकडेही नाही.

एस्कलांटे ते बोल्डर हा पंचेचाळीस किलोमीटरचा टप्पा म्हणजे या रस्त्याचा गाभा. ‘हेड ऑफ द रॉक्स’ या थांब्यावरून पुढची उतरण एका नजरेत दिसते. ज्युरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्या दगड झाल्या, त्यांचे तिरके थर पांढरे, पिवळे, गुलाबी, आणि त्यांच्या अंगाखांद्यावरून डांबराची पट्टी एस्कलांटे नदीपर्यंत उतरते. ही नदी १८७२ साली पॉवेल या संशोधकाच्या सर्वेक्षण पथकाने नकाशावर आणली; सलग अमेरिकेतल्या नद्यांत इतक्या उशिरा नोंद झालेली दुसरी एवढी नदी नाही.

या उतारावर मोटरहोमचा खरा कस लागतो. पाच-सहा टन वजन घेऊन खाली येताना ब्रेकवर पाय दाबून धरला तर चकत्या तापतात, करपल्याचा वास येतो आणि ब्रेक हळूहळू लागेनासे होतात. उपाय जुनाच, आपल्या घाटात ट्रकवाले करतात तोच : चढाला जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरायचे, इंजिनाला गाडी धरू द्यायची, ब्रेक मारायचा तो थोडा वेळ आणि ठाम. आजच्या गाड्यांत ‘टो-हॉल’ नावाचे बटण असते. ते दाबले की गिअर आपोआप खाली पडतो आणि इंजिन ओरडू लागते. त्या ओरडण्याला घाबरून बटण बंद करणारे नवखे चालक बरेच असतात.

नदीजवळच काफ क्रीक आहे. तिथून येऊन-जाऊन साधारण दहा किलोमीटर वाळूतून चालले की १२६ फुटांचा धबधबा, पायथ्याशी थंडगार डोह, आणि वाटेत कड्यावर जुन्या रहिवाशांनी रंगवलेली माणसांची चित्रे. कॅम्पग्राउंड ओढ्याकाठी, झाडीत, पण चिमुकले. मोठ्या आरव्हीला आणि ट्रेलरला तिथे वळायलाही जागा नाही. संपूर्ण रस्त्यावरचा सर्वांत सुंदर मुक्काम हा, आणि तो तंबूवाल्यांचा. मामांच्या बाजूने यावर उत्तर नाही.

पुढे चढ, आणि मग हॉगबॅक. राजगडची संजीवनी माची ज्याने पाहिली आहे त्याला हे लगेच कळेल : डोंगराची धार, तिच्यावर रस्ता, दोन्ही बाजूंना खोल दरी, आणि काही ठिकाणी कठडाच नाही.

मामा : तिथे मी तीस मैलांच्या वर जात नाही. मागे गाड्या साचल्या की थांब्यावर बाजूला होतो. घाबरायचं काय त्यात?

भाची : घाबरायचं नाही, मामा, पण बघायचं कधी? तुमचे दोन्ही डोळे पांढऱ्या पट्टीवर. मागे बसलेली आजी म्हणते, ‘केवढी दरी!’ आणि तुम्ही म्हणता, ‘आत्ता बोलू नका.’

मामा : ते खरं आहे. आठ फूट रुंदीची गाडी आणि समोरून तशीच दुसरी आली की मी बोलतच नाही.

निसर्गरम्य रस्त्यावर सगळ्यांत कमी पाहायला मिळते ते मोठ्या गाडीच्या चालकाला. आरव्हीच्या कौतुकात हे सहसा कुणी बोलत नाही. लहान मोटारीचा चालक कुठल्याही अर्ध्या रुंदीच्या थांब्यावर झटकन थांबतो. पंचवीस फुटांना थांबायची जागा दोन वळणे आधी ठरवावी लागते, आणि ती आधीच भरलेली असली तर देखावा गेला.

बोल्डर गाव कित्येक दशके खेचरांच्या पाठीवरून येणाऱ्या टपालावर जगले. १९३० च्या दशकातल्या महामंदीत सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर या सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी डोंगरातून रस्ते फोडले तेव्हा मोटार नीटपणे इथवर पोहोचली. गावातल्या अनासाझी राज्य उद्यानात बाराव्या शतकाच्या आसपासच्या पूर्वपुएब्लो या मूळ रहिवाशांच्या वस्तीचे अवशेष आहेत. तिथून टोरीपर्यंतचा बोल्डर माउंटनवरचा टप्पा १९८५ साली डांबरी झाला. रस्ता ९,६०० फुटांवर चढतो, सूचिपर्णी आणि आस्पेनच्या जंगलातून जातो, आणि पूर्वेला वॉटरपॉकेट फोल्ड ही दीडशे किलोमीटरहून लांब पसरलेली भूपृष्ठाची घडी, तिच्यामागे हेन्री पर्वत दिसतो. टर्बो नसलेले इंजिन दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद गमावते. म्हणजे माथ्यावर भरलेल्या मोटरहोममध्ये समुद्रसपाटीच्या मानाने पाव हिस्स्याहून जास्त ताकद गायब असते. चढ निमूट, सावकाश चढायचा. संध्याकाळनंतर इथे गाडी हाकूच नये, कारण हरणे आणि मोकाट चरणारी गुरे रस्त्यावर येतात, आणि सहा टनांची गाडी जागच्या जागी थांबत नाही.

इथल्या राष्ट्रीय वनांतली कॅम्पग्राउंड साधी आहेत : संडास, टेबल, शेकोटीची कडी, काही ठिकाणी नळ. मध्यम आरव्हीला जागा मिळते. जमीन सपाट नसली तर चाकांखाली प्लॅस्टिकचे ठोकळे घालून गाडी समतल करावी लागते, कारण गॅसवर चालणारा शोषण-पद्धतीचा फ्रिज तिरपा राहिला की थंड होणे थांबवतो. मामांचा मुद्दा होता इन्सुलिनचा. म्हणून फ्रिजचे हे दुखणे त्यांनी आधी समजून घ्यायला हवे.

खर्चाची गोष्ट टोरीला पोहोचल्यावर निघते, कारण तिथे पेट्रोल भरले जाते. लास व्हेगासहून निघून हा रस्ता करून परत यायचे तर साधारण १,२०० किलोमीटर होतात. ‘सी’ वर्गाची गाडी लिटरला चार किलोमीटर देते असे धरले तर तीनशे लिटर पेट्रोल. बारा किलोमीटर देणाऱ्या मोटारीला शंभर. शिवाय रोजचे भाडे, ठरलेल्या मैलांपलीकडचा आकार, जनरेटरच्या तासांचे पैसे, आणि हुकअप असलेल्या जागेचे वेगळे शुल्क.

भाची : एवढ्यात मोटेल होतं, मामा. चौघांचं.

मामा : चौघांचं होतं. सहाजणांचं नाही. आणि मोटेलात पिठलं होत नाही.

हिशेब माणसांच्या संख्येवर फिरतो हे मामांचे म्हणणे रास्त आहे. दोघांसाठी आरव्ही ही चैन आहे. आजी-नातवंडांसह सहाजण निघाले आणि दोन खोल्या, तीन वेळचे हॉटेल वाचले तर फरक बराच मिटतो. पण तो सगळा मिटतो असे भाडे देणाऱ्या कंपन्या सुचवतात, ते खरे नाही.

टोरीपासून जवळच कॅपिटल रीफ उद्यानात फ्रूटाचे कॅम्पग्राउंड आहे. मॉर्मन वसाहतकऱ्यांनी लावलेल्या जर्दाळू, पीच, पेअर, सफरचंदाच्या बागा तिथे उद्यान खाते अजून राखते. हंगामात पैसे देऊन फळे तोडता येतात. हुकअप इथेही नाहीत, डम्प स्टेशन आहे. हंगामात जागा आधी राखून ठेवावी लागते, आणि राखताना वाहनाची लांबी लिहावी लागते. जागा लहान निघाली आणि गाडी मोठी, तर अडचण चालकाची.

भाची : मग लांबी काय लिहू?

मामा : लिही पंचवीस. आणि शेजारची जागा तंबूसाठी घे, तुझ्या नावावर.

दोन वाहनांचा हा तोडगा या रस्त्यावर बरीच कुटुंबे काढतात : आरव्ही दोन-तीन ठिकाणी रोवून ठेवायची, आणि सज्जे, काफ क्रीक, हॉगबॅकवरचे थांबे लहान मोटारीने करायचे. काळ मे अखेर ते सप्टेंबर अखेर. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी वळवासारखा पाऊस कोसळतो आणि घळींना लोंढे येतात, तेव्हा आकाश पाहूनच चालायला निघावे. ऑक्टोबरच्या मध्यानंतर उंचावरच्या कॅम्पग्राउंडचे नळ बंद होऊ लागतात, आणि गाडीतले पाइप गोठून फुटू नयेत म्हणून भाड्याच्या अनेक आरव्ही पाणी उपसून हिवाळ्यासाठी उभ्या केल्या जातात. डिसेंबरच्या सुटीत जाणाऱ्यांना मोटेल आणि बर्फाचे टायर असलेली मोटार एवढाच पर्याय उरतो.